यंदा पक्षी गप्प आहेत

रविवार, ४ मे

माझ्याकडून पक्ष्यांच्या आवाजाची सहल काढून घेतली. आजच लिहून ठेवतो, राग ताजा आहे तोवर.

दर वर्षी मेच्या पहिल्या रविवारी आमचा पक्षीमित्रांचा फेराइन, म्हणजे मंडळ, लोकांना पहाटे बाड हॉम्बुर्गच्या मागच्या जंगलात नेतो. डोळे मिटून उभं राहायचं आणि नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायचा. कितीतरी वर्षं हे काम माझ्याकडे होतं. ठाण्याचा पद्माकर जर्मन लोकांना त्यांचेच पक्षी ओळखायला शिकवतो, याची मला थोडी मिजास होती. होती तर होती. मार्चमध्ये फेराइनचे अध्यक्ष हेर क्रेमर घरी केक घेऊन आले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बोलावल्याशिवाय हा माणूस कधी पायरी चढत नाही. म्हणाले, "आल्झो, हे बघ, पद्माकर, तू खूप केलंस. आता स्वेन्या करेल." स्वेन्या म्हणजे कालची पोर. राजकारण, दुसरं काय!

तरी आज हिला घेऊन गेलो, पाहुण्यासारखा. एका स्प्रूसच्या झाडाखाली सगळे माना वर करून उभे. स्वेन्या कुजबुजली, "गोल्डहेन्शेन." डोक्यावर सोनेरी पट्टी असलेला, अंगठ्याएवढा पक्षी. सगळ्यांचे चेहरे खुलले. मी कान देऊन ऐकलं. काहीही नव्हतं. पण पुढाऱ्याने सांगितलं की लोकांना ऐकू येतंच. गोल्डहेन्शेन या जंगलातून मागेच गेलेत. उन्हाळे कोरडे, झाडं वाळलेली, किडे नाहीत, खाणार काय? हे मी फेराइनच्या बैठकीत दोनदा सांगितलंय. क्रेमरने फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

परतताना हिने माझी बाही ओढली. "अहो, डावीकडच्या खोडावर बघा, काहीतरी हाललं." बघतो तर बाउमलॉयफर, सालीवर उंदरासारखा तुरुतुरु चढणारा. इतरांच्या आधी मी नाव घेतलं. स्वेन्याने मान्य केलं, तिला करावंच लागलं. आमच्या प्रमोदिनीला पक्ष्यांतलं काडीचं कळत नाही, पण नजर काय तीक्ष्ण आहे या वयात! हललेलं पान तिला आधी दिसतं.

शुक्रवार, ९ मे

पाकोळ्या आल्या. समोरच्या घरांच्या कौलांवरून संध्याकाळी गिरक्या घेत होत्या. दर वर्षी किंचाळत जातात, त्या किंचाळण्यानेच इथला उन्हाळा सुरू होतो. यंदा मुक्या आहेत. वरून आल्या, वळल्या, गेल्या, हूं की चूं नाही. आफ्रिकेतून येताना काय भोगलं असेल कोण जाणे.

हिच्या बांगड्याही हल्ली वाजत नाहीत. म्हटलं, "काचेच्या सोडून प्लास्टिकच्या घेतल्यास का?" ही बघतच राहिली. मग हात माझ्या नाकापुढे आणून हलवला. "तुमच्याच बहिणीने पाठवल्यात. काचेच्या." असतील. काचसुद्धा पूर्वीची राहिली नाही.

रविवार, ११ मे

रविवार म्हणजे कोलोनला फोन. मिलन, त्याची बायको कात्रिन आणि आमची नात कुहू. साडेपाच वर्षांची आहे, अजून किटामध्ये, बालवाडीत, जाते. नाव मी ठेवलं. इथे कोकीळ नाही, निदान घरात तरी एक असावी म्हणून.

मी विचारलं, "कुहूबाळ, आज काय खाल्लंस?" गप्प. पुन्हा विचारलं. पलीकडून नुसती खसखस. "बरं बरं, शहाणी माझी," म्हणून फोन हिच्याकडे दिला. मग ही कितीतरी वेळ हसतेय, "हो का गं? आणि मग?" करतेय. आजीशी काय जर्मनमध्ये गप्पा मारत असेल ते तिलाच माहीत.

फोन परत घेऊन मिलनला झापलं. "पोरीला मराठीचे चार शब्द शिकवता आले नाहीत तुला. आजोबांपुढे तोंड उघडत नाही ती." तो म्हणाला, "बाबा, बोलते ती." "कुणाशी? भिंतीशी?" त्यावर तो काहीतरी पुटपुटला, मी लक्ष दिलं नाही.

वाईट वाटतं. इथे नाही लिहिणार तर कुठे? मिलन कात्रिनशी लग्न करतो म्हणाला तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. कात्रिन गुणी आहे. पण नातीच्या तोंडून एक वाक्य आपल्या भाषेत ऐकावं, एवढंच तर मागतोय मी. तीन पिढ्यांत भाषा संपली, आणि माझ्याच घरात संपली. कुणाला दोष देऊ?

मंगळवार, २० मे

घरात कडाक्याचं भांडण.

ही दोन दिवस एश्बॉर्नला भाचीकडे, शर्वाणीकडे, गेली होती. मी एकटा मजेत. आज सकाळी शेजारच्या फ्राऊ बेकर दारात. म्हणाल्या, तुमचा राउखमेल्डर, तो धुराचा अलार्म, कालपासून चिवचिवतोय, बॅटरी संपली असेल, भिंतीतून ऐकू येतो, रात्रभर झोप नाही. मी म्हटलं, आमचा नाही. त्या आत आल्या, छताकडे बोट दाखवून उभ्या राहिल्या. मी स्टुलावर चढून बॅटरी बदलली, त्यांचं समाधान म्हणून. हल्लीची स्वस्तातली यंत्रं, आवाजात दमच नाही.

नेमकी त्याच वेळी ही जिन्यातून वर आली. फ्राऊ बेकर गेल्यावर पर्ससुद्धा खाली न ठेवता म्हणाली, "अहो, आता पुरे झालं. कानाच्या डॉक्टरांकडे तेर्मिन घेते, वेळ ठरवते."

मी उखडलो. अख्खी नोकरी मी इथल्या कंपनीत मशीनचे अलार्म तपासण्यात काढली. पेशंटच्या खोलीत कुठला आवाज किती जोरात वाजायला हवा, हे माझी सही झाल्याशिवाय ठरत नसे. "माझ्या कानांना काही झालेलं नाही. तुम्ही सगळे पुटपुटता. क्रेमर पुटपुटतो, मिलन पुटपुटतो, तूही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस."

"मी ओरडते," ही म्हणाली. "दिवसभर ओरडते. घसा दुखतो माझा." आणि रडली. चटकन रडणारी बाई नाही ही.

मग संध्याकाळी चहा घेताना मीच तोडगा काढला. फ्रोनलाइशनाम या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीला आम्ही हेल्गोलांडला जाणार आहोत. उत्तर समुद्रातलं ते लाल खडकाचं बेट. जूनमध्ये तिथे लुमे नावाच्या समुद्रपक्ष्यांची पिल्लं उडता येत नसताना कड्यावरून उड्या मारतात. ते पाहायचं माझ्या मनात वर्षानुवर्षं आहे. पैज अशी: बेटावरचा एक अख्खा दिवस हिने मला बोट दाखवायचं नाही, बाही ओढायची नाही. हिला ऐकू आलेला एक जरी पक्षी मला ऐकू आला नाही, तर मी मुकाट्याने डॉक्टरकडे जाईन. नाही तर कानांचा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. पंच हीच. हिला पक्षी कळत नसले तरी खोटं बोलता येत नाही, याची मला खात्री आहे.

हिने कप बशीत ठेवला. म्हणाली, "ठीक आहे. बोट दाखवणार नाही."

रविवार, १ जून

फोन मी केला नाही, हिने केला. मी बाल्कनीत बसून मुक्या पाकोळ्या बघितल्या.

त्या सुट्टीत मिलन-कात्रिनला मित्राच्या लग्नाला जायचंय, तर कुहू आमच्याबरोबर हेल्गोलांडला येणार. म्हणजे चार दिवस ती मुकी पोर घेऊन हिंडायचं. असं लिहायला नको होतं. खोडत नाही, पण नको होतं.

गुरुवार, १९ जून, कुक्सहाफन

गाड्यांनी नेहमीचा गोंधळ घातला. हॅम्बुर्गला पुढची गाडी चुकली, त्यामुळे हॉटेलात पोचेपर्यंत पाय तुटायची वेळ आली. उद्या इथून बोट.

मिलनने काल संध्याकाळीच कुहूला आणून सोडलं होतं. पाठीवर ससा छापलेली सॅक, समोरचे दोन दात पडलेले. गाडीत खिडकीशी आजीला चिकटून बसली. ही दशम्या आणि लसणाची चटणी काढून बसली, समोरचा माणूस नाक वर करून वास घेत होता, शेवटी त्यालाही अर्धी दशमी दिली. त्याने चटणीसकट खाल्ली आणि कुक्सहाफनपर्यंत पाणी पीत राहिला.

मी कुहूला माझी जुनी छोटी दुर्बीण दिली. तिने ती उलटी धरून माझ्याकडे बघितलं आणि खुदकन हसली. ओठ हलल्यासारखे वाटले. गाडीचा खडखडाट एवढा की विचारायची सोय नव्हती. म्हटलं, "बरं बरं." ती पुन्हा खिडकीकडे वळली.

शनिवार, २१ जून, हेल्गोलांड

काल लिहिलं नाही. बोट हलली, ही आजारी, मी सेवेत.

आज पैजेचा दिवस. इतका निवांत दिवस मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, म्हणून सगळं सावकाश लिहितो.

सकाळी लहान बोटीने पलीकडच्या वाळूच्या बेटावर गेलो. वाळूत सील पसरलेले, जेवण झाल्यावर सतरंजीवर पडलेल्या मामा लोकांसारखे. कुहूने त्यांच्याकडे बघून स्वतः वाळूत लोळण घेतली. मी रागावणार होतो, पण ही म्हणाली, "असू द्या हो, कपडे धुता येतात." वाऱ्याला थंडी होती, पण ऊन स्वच्छ. पाण्याच्या काठाने आउस्टर्नफिशर चालत होते. काळ्या-पांढऱ्या अंगाचे, गाजरासारख्या लाल चोचीचे. भांडखोर जात, आवाज खणखणीत. मी ऐकलं. हिच्याकडे बघून बोट वर केलं. हिने मान डोलावली. वरून समुद्री पाणकावळे गेले, कुरव गेले, कुरवांचं कर्कश भांडण ऐकलं. पुन्हा बोट वर. ही हसली.

कुहू माझ्यामागे माझ्यासारखी हात पाठीमागे बांधून चालत होती. हे मला उशिरा लक्षात आलं. मी थांबलो की ती थांबे, मी दुर्बीण लावली की ती लावे. बोलत मात्र नव्हती. म्हटलं, चालेल. शब्द नाहीत तर नाहीत, चाल तरी आपली घेतलीन.

दुपारी इकडे परत येऊन बंदराजवळच्या रंगीत लाकडी घरांपाशी बसून खाल्लं. हिला उकडलेले बटाटे, मला माशाचा पाव, कुहूला दोन्हीकडचं. मग लिफ्टने वरच्या पठारावर. तिथून कड्याच्या बाजूने सावकाश चालायला लागलो. वाटेत पक्षी-केंद्राच्या कुंपणाला दाट झुडपं आहेत. तिथे ही थांबली. कुहूही थांबली आणि तिचा हात वर जायला लागला. हिने तो पकडून खाली घेतला आणि ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, हिचे गुडघे दुखतायत. म्हटलं, "बसायचंय का?" ही म्हणाली, "नाही, चला." माझ्याकडे बघितलंन मात्र विचित्र.

आणि मग ते पांढरे पक्षी. बास्सटॉल्पेल. वाटेच्या दोरीपलीकडे, हात लांब केला तर लागतील एवढ्या अंतरावर. हंसाएवढे मोठे, डोक्यावर केशरी-पिवळी झाक, डोळ्यांभोवती निळी कड, काजळ घातल्यासारखी. घरट्यांतून मासेमारीच्या जाळ्यांचे हिरवे-निळे दोरे लोंबतायत, ते बघून मन खट्टू झालं. वासाने नाकाचे केस जळतील. पण आवाज! खरखरीत, जाड, हजार तोंडांतून एकदम, आणि त्यातला एकेक मला स्वच्छ ऐकू येत होता. नवरा समुद्रावरून आला की बायको मान उंच करून चोच चोचीला घासते आणि दोघं मिळून घसा खरवडतात. मी उभाच राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. वाटलं, जगात अजून आवाज आहे. जंगल गप्प झालं, घर गप्प झालं, पण इथे आहे.

मागे वळून बघितलं तर ही कुहूचा हात धरून माझ्याकडेच बघत होती.

संध्याकाळी हॉटेलात चहा घेताना विचारलं, "काय पंच? निकाल?"

हिने चहाचा घोट घेतला. "जिंकलात."

"एकही चुकला नाही?"

"जिंकलात म्हटलं ना."

काय आनंद झाला सांगू! कुहूला उचलून गोल फिरवली, कंबरेने लगेच जाब विचारला. मिलनलाही फोन करून सांगणार होतो, हिने नको म्हटलं.

मग ऊन कलल्यावर लुमेच्या कड्यावर गेलो. इथे जूनमध्ये दहा वाजले तरी उजेड असतो. कठड्याशी पंधरावीस माणसं, सगळी हळू आवाजात. समोरच्या लाल भिंतीच्या अरुंद पट्ट्यांवर लुमे दाटीवाटीने उभे. मी कुहूला समजावून सांगत होतो, मराठीतच, समजेल तेवढं समजेल म्हणून. "पिल्लाला अजून उडता येत नाही. बाबा खाली समुद्रात जाऊन हाका मारतो. पिल्लू वरून ओ देतं. एकमेकांचा आवाज ओळखला की पिल्लू उडी मारतं. मग बाबा त्याला घेऊन दूर समुद्रात जातो. इतक्या पक्ष्यांत आपलाच बाबा ओळखायचा, बघ."

खालून हाका येत होत्या. अर्र, अर्र, घोगऱ्या, लाटांतूनही स्पष्ट. मी दुर्बीण लावली. एका पट्टीच्या अगदी टोकाला एक पिल्लू आलं होतं. मुठीएवढं. पुढे यायचं, खाली बघायचं, मागे सरायचं. त्याने चोच उघडली. मिटली. पुन्हा उघडली.

मला काही ऐकू आलं नाही.

म्हटलं, वारा. पण खाली पाण्यातल्या बापाची हाक येत होती आणि हे तर समोर होतं. शेजारची बाई छातीवर हात ठेवून म्हणाली, "बिचारं, कसं टाहो फोडतंय." तिचा नवरा म्हणाला, "गेनाऊ, अगदी तसंच." मी कुहूकडे बघितलं. तिने दोन्ही कान हातांनी घट्ट झाकले होते.

पुन्हा दुर्बीण लावली. चोच उघडत होती, मिटत होती, आतलं तोंड दिसत होतं. बाप हाक मारायचा आणि ते ओ द्यायचं. दर हाकेला. एकदाही चुकत नव्हतं. मला फक्त बापाचीच बाजू ऐकू येत होती.

गोल्डहेन्शेन, पाकोळ्या, राउखमेल्डर, हिच्या बांगड्या, सगळं एकदम आठवलं. हिच्याकडे बघितलं. ही समुद्राकडे बघत होती, मुद्दाम.

तेवढ्यात माझा कोट कुणीतरी ओढला. कुहू. मान वर करून माझ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. तिला वाटलं मी "बरं बरं" म्हणणार, तसा तिचा चेहरा आधीच झाला होता.

मी तिथे, त्या सगळ्या लोकांत, गुडघे टेकून खाली बसलो. "कुहूबाळ, पुन्हा सांग. आजोबांच्या कानात सांग."

तिने दोन्ही हातांची ओंजळ माझ्या कानाला लावली. "आजोबा, त्याला भीती वाटते. तो म्हणतो, येतो, येतो, थांब."

मराठीत. शुद्ध, आजीच्या वळणाचं मराठी.

"तुला मराठी येतं?" मी विचारलं.

"येतं ना. आजीने शिकवलं." पुन्हा ओंजळ. "मी फोनवर सगळं सांगते. वरण खाल्लं, नूडल्स खाल्ले. तुम्ही म्हणता बरं बरं आणि फोन आजीला देता." मग म्हणाली, "तुम्हाला आवडत नाही का माझं?"

मी तिला जवळ घेतलं आणि रडलो. म्हाताऱ्याने असं चारचौघांत रडू नये, पण रडलो. म्हटलं, "आवडतं गं. आजोबांचे कान बिघडलेत. तुझं काही चुकलेलं नाही, माझे कान बिघडलेत." हे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं.

त्याच वेळी पिल्लाने उडी मारली म्हणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या ऐकू आल्या. जे बघायला इतक्या लांब आलो होतो ते मी बघितलंच नाही.

रविवार, २२ जून, परतीच्या बोटीत

समुद्र शांत. कुहू हिच्या मांडीवर झोपलीय.

हिला विचारलं, "काल त्या झुडपापाशी काय होतं?"

"त्सौनक्योनिश," ही म्हणाली. तो इवलासा तपकिरी पक्षी, शेपटी उभी करून गाणारा. "केवढ्याने गात होता. कुहूलासुद्धा कळलं."

"तुला कसं कळलं कोण गातंय ते?"

हिने कुहूच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग सांगितलंन. गेली दोन वर्षं मी दुपारी पडलो की ही स्वयंपाकघरात मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज ऐकत बसते. एकेक पाठ केलाय. "तुम्हाला बोट दाखवायचं, तर आधी मला कळायला नको का कुठे बघायचं?"

म्हणजे तो बाउमलॉयफर. म्हणजे ते सगळेच. हलणारं पान हिला कधी दिसलंच नव्हतं, हिने ऐकलं होतं. आणि मी हिच्या नजरेचं कौतुक करत हिंडलो.

"मग हरलो होतो मी," म्हटलं. "पंचाने खोटं कशाला बोलायचं?"

"त्या पांढऱ्या पक्ष्यांपुढे तुमचा चेहरा बघितला," ही म्हणाली. "तसा चेहरा मी किती दिवसांत पाहिला नव्हता. मग म्हटलं, मरू दे ते डॉक्टर. मी ओरडेन आयुष्यभर."

मी हिचा हात धरला. बोटीत, सगळ्यांसमोर. ही "अहो, काय हे" म्हणाली, पण सोडवला नाही. तेर्मिन घे म्हटलं.

गुरुवार, ३ जुलै

कानाचे डॉक्टर. फ्राऊ बेकरची ओळख निघाली म्हणून लवकर नंबर लागला. काचेच्या खोलीत बसवून कानांत आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. सुरुवातीला मी पटापट दाबत होतो. मग बराच वेळ काही आलं नाही. काचेपलीकडे ती बाई आकडे फिरवत होती, मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होतो. मशीनच्या या बाजूला मी कधी बसलो नव्हतो.

कागदावरची रेघ आधी सरळ जाते आणि मग दरीत कोसळते. डॉक्टर म्हणाले, उंच पट्टीचे आवाज गेलेत. पक्षी, अलार्म, आणि लहान मुलं.

संध्याकाळी क्रेमरना फोन केला. गोल्डहेन्शेन जंगलात आहेत, माझं म्हणणं मागे घेतो, असं सांगितलं. ते म्हणाले, "हो, पद्माकर, आम्हाला माहीत होतं." मी म्हटलं, "मग केकबरोबर तेही सांगायचं होतं की." दोघंही हसलो.

शुक्रवार, २५ जुलै

आकुस्टिकरकडून कानाची यंत्रं मिळाली. तिथली मुलगी म्हणाली, गोल्डहेन्शेनचं वचन देता येत नाही, तो फार वरचा आवाज आहे. बघू.

दुकानातून बाहेर आलो आणि दचकलो. माझे बूट वाजतात. कागद वाजतो. घरी फ्रिज उघडा राहिला तर तो कुरकुरतो, हेही मला आजच कळलं. हिने पोळ्या लाटायला घेतल्या आणि बांगड्या वाजल्या. मी दारात उभं राहून ऐकत होतो. ही म्हणाली, "काय बघताय?" मी म्हटलं, "काच चांगली आहे."

बाल्कनीत गेलो. पाकोळ्या बहुतेक परत गेल्यात, दोनचारच उरल्यात. किंचाळत गेल्या डोक्यावरून. मोठमोठ्याने ओरडत होत्या, बेशरम.

रविवार, २७ जुलै

कोलोनला फोन मी लावला. यंत्रातून फोन थेट कानात येतो, हे हिने जोडून दिलं.

"कुहूबाळ, आज काय खाल्लंस?"

"वरणभात!" ती एवढ्या जोराने ओरडली की मी खुर्चीतून उडालो. इतके दिवस ती अशी ओरडत होती तर.

"अगं, ओरडू नकोस. आता हळू बोललीस तरी चालेल."

पलीकडून अगदी हलक्या आवाजात: "एवढं हळू?"

"ऐकू आलं."

"एवढं?"

"हो."

आणि मग तिने त्याहूनही हळू काहीतरी सांगितलं, नुसत्या श्वासात, आणि मला ते सगळं ऐकू आलं. काय ते इथे लिहिणार नाही. कुणालाच सांगायचं नाही असं तिने मला बजावलंय. हिने दोनदा विचारलं, तिलाही सांगितलं नाही.